पोचपावती आली, पाकीटही परत आलं

मध्य न्यू जर्सीत आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-पाच जण टेबल मांडून बसतो. नागरिकत्वाचा अर्ज कसा वाचायचा, कुठला कागद कुठे जोडायचा, एवढंच सांगतो. आमच्यात वकील कुणी नाही आणि हे आम्ही समोरच्याला आधीच सांगून टाकतो. ज्या कुटुंबाचं हे प्रकरण आहे ते तिथेच भेटलं. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही. उलट त्या घरचे दादा म्हणाले, "लिहा ताई, माझा गाढवपणा चार लोकांच्या उपयोगी पडू दे." तो गाढवपणा नव्हता, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

दादा सांगलीचे. तिथल्या एका पतसंस्थेत वसुली विभागात त्यांची बरीच वर्षं गेली. थोरल्या भावाने २००४ साली भावंडांच्या वर्गातून (अमेरिकन नागरिक आपल्या भावाबहिणीसाठी ग्रीन कार्ड मागतो तो वर्ग) त्यांच्यासाठी अर्ज भरला होता. भारतीयांना या वर्गात किती थांबावं लागतं ते आपल्याला माहीत आहेच. नंबर लागायला पंधरा वर्षं गेली, आणि २० जुलै २०१९ ला दादा, वहिनी, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे नेवार्कला उतरले. दादा आता एका गोदामात सुपरवायझर आहेत, वहिनी एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करतात.

ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि तो ९० दिवस आधी भरायची मुभा असते. २० जुलै २०२४ मधून ९० दिवस वजा केले की २१ एप्रिल २०२४ ही तारीख येते. त्याच्या आधी अर्ज पोचला तर तो मुदतीआधीचा ठरतो आणि फी भरूनही नामंजूर होऊ शकतो. म्हणून एका बाजूने थांबायचं होतं.

दुसऱ्या बाजूने घाई होती, ती मुलीमुळे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकजण नागरिक झाला, मूल अठराच्या आत असलं, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असलं आणि ते त्या पालकाच्या ताब्यात, त्याच्याच सोबत इथे राहत असलं, तर मूल आपोआप नागरिक होतं. वेगळा अर्ज, परीक्षा, मुलाखत काही लागत नाही. हे सगळं अठरावा वाढदिवस येण्याआधी जुळून यावं लागतं, आणि पालक नागरिक होतो तो शपथेच्या दिवशी, अर्जाच्या दिवशी नाही. मुलीचा अठरावा वाढदिवस होता ९ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे २१ एप्रिलला दार उघडणार होतं आणि ९ डिसेंबरला ते मुलीपुरतं बंद होणार होतं. मधले साडेसात महिने. त्या काळात देशभर निम्मे अर्ज साधारण पाच महिन्यांत निकाली निघत होते.

इथे एक सांगायला हवं. तारीख हुकली असती तरी आकाश कोसळणार नव्हतं. मुलीचीही पाच वर्षं पूर्ण झालेली होती. अठराची झाल्यावर तिला स्वतःचा अर्ज भरता आला असता. फी पडली असती, नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावी लागली असती, वर काही महिने. पण दादांच्या मनाने घेतलं होतं की मुलगी आपल्यामुळे मागे राहता कामा नये, आणि बापाच्या मनापुढे हिशेब चालत नाही.

ऑनलाइन का नाही?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. २०२४ साली एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरता येत होताच. फी होती ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. पण १ एप्रिल २०२४ पासून फीचे नवे दर आले आणि त्यांच्यासोबत एक चांगली गोष्ट आली, जिच्याकडे आपल्या लोकांचं फारसं लक्ष गेलं नाही. घराचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल तर फी ३८० डॉलर. आधी ही सवलत दुपटीपर्यंतच होती. चार माणसांच्या घरासाठी त्या वर्षीची रेषा ३१,२०० डॉलर, तिची चौपट १,२४,८००. "दारिद्र्यरेषा" हा शब्द ऐकला की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, छे, आम्ही त्यात नाही. दादा-वहिनींचं दोघांचं मिळून उत्पन्न ९० हजारांच्या आत होतं. ते त्यात आरामात बसत होते.

मेख एवढीच की सवलत मागायची तर अर्ज कागदावर भरून टपालानेच पाठवावा लागत होता. दोघांची ऑनलाइन फी १,४२० आणि सवलतीची ७६०, म्हणजे ६६० डॉलर वाचत होते. वहिनींच्या पगाराकडे पाहिलं तर ही रक्कम लहान नाही. कागदाचा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला होता, आजही वाटतो.

पहिलं पाकीट

दादांनी जानेवारीतच अर्ज उतरवून घेतला होता. वीस पानांचा. शांतपणे, रोज रात्री एक-दोन पानं अशी त्यांनी आणि वहिनींनी ती भरली होती. मार्चमध्ये ते आमच्या टेबलाशी आले तेव्हा मी उत्तरं वाचली, प्रवासाच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून पाहिल्या. पानाच्या डाव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख असते, ती मात्र मी पाहिली नाही. तिथे होतं ०९/१७/१९. १ एप्रिलला नवी आवृत्ती आली, ०४/०१/२४, चौदा पानांची.

आता दादांची गंमत बघा. त्यांनी सूचना वाचल्या नाहीत असं नाही. त्यांनी त्या नीट वाचल्या, आणि त्यात लिहिलं होतं की बहुतेक फॉर्मच्या जुन्या आवृत्त्या ३ जूनपर्यंत चालतील. एन-४०० ची जुनी आवृत्ती खरोखरच चालत होती. फीच्या सवलतीची विनंती नव्या फॉर्ममध्येच आहे, त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही, हेही त्यांनी वाचलं, आणि तेही खरं होतं. मग त्यांनी पतसंस्थेतला कुठलाही मुरलेला कारकून करेल तेच केलं. नव्या फॉर्ममधलं सवलतीच्या विनंतीचं तेवढं पान छापलं, भरलं आणि जुन्या अर्जाला पुरवणीसारखं जोडलं. वीस अधिक एक, एकवीस पानं.

आपल्याकडे हे खपलं असतं. अर्जाला पुरवणी जोडणं, वर "सोबत जोडलेल्या कागदानुसार" असं लिहिणं, यात कुणाला काही वावगं दिसत नाही. इथे अर्जाची सगळी पानं एकाच आवृत्तीची लागतात. एखादं पान दुसऱ्या आवृत्तीचं निघालं की आख्खा अर्ज परत येऊ शकतो.

बाकी पाकीट नमुनेदार होतं. ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, कर विवरणपत्र, पगाराचे कागद. दादांना प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि "सत्यप्रत" असा शिक्का हवा होता. साध्या प्रती पुरतात हे पटवायला मला अर्धा तास लागला. मूळ कागद तर पाठवायचेच नसतात. स्टेपल नको, पंचिंग नको, फाइल नको, कारण तिकडे पहिलं काम पानं स्कॅन करण्याचं असतं. चेकचा प्रश्नही निघाला. दादा म्हणाले, दोघांचा मिळून ७६० चा एकच चेक देतो, एकाच घरातले तर आहोत. ते मी जागच्या जागी थांबवलं. प्रत्येक अर्जाची फी वेगळी द्यावी लागते, आणि योगायोग असा की सवलतीच्या दोन फी म्हणजे बिनसवलतीची एक कागदी फी. त्या चेकवरून समोरच्याने काय अर्थ काढला असता कोण जाणे. (हा चेकचा भाग आता जुना झाला. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी चेक आणि मनी ऑर्डर घेणं बंद झालं. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून वळतं करायला जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो.)

शनिवारी, २० एप्रिलला, दादा पोस्टात गेले. दोन अर्ज, दोन पाकिटं. पाठवली सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह. पोस्टातल्या बाईंनी ते हिरवं पोस्टकार्ड दाखवलं तेव्हा त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं असणार. कारण ही हुबेहूब आपली रजिस्टर एडी.

वसुली विभागात त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. थकबाकीदाराला नोटीस रजिस्टर एडीने काढायची, एडीचं कार्ड परत आलं की फाइलला लावायचं, झालं. रजिस्टरने रीतसर पाठवलेलं पत्र पोचलं असं आपल्याकडे कायदाच धरून चालतो. पोचपावती हा तिथे पुरावा असतो आणि कामाचा शेवटही. (तिकडेही २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. दादांना हे मी सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्पच बसले.)

२४ एप्रिलला पाकिटं पोचली. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही हिरवी कार्डं घरी परत आली. दादांचा फोन आला, "ताई, पोचपावती आली! आता दुसरं ग्रीन कार्ड म्हणायला हरकत नाही." मीही हसले.

पोचलं म्हणजे दाखल झालं नाही

हे अर्ज जिथे जातात त्याला लॉकबॉक्स म्हणतात. शिकागो, डॅलस, फीनिक्स अशा शहरांच्या आसपास ही केंद्रं आहेत, आणि आपलं पाकीट कुठे जायचं ते राज्यावरून ठरतं. तिथे इमिग्रेशनचा अधिकारी आपला अर्ज वाचत बसलेला नसतो. पाकीट उघडायचं, सही आहे का, फी बरोबर आहे का, आवृत्ती चालणारी आहे का, सगळी पानं आहेत का, एवढं बघायचं, पानं स्कॅन करायची, फी जमा करायची आणि अर्ज पुढे पाठवायचा. आपण या देशात पाच वर्षं कसे राहिलो, याच्याशी त्या खोलीचा संबंध नसतो.

या तपासणीत अडकलेला अर्ज रिजेक्ट होतो. आपल्या लोकांच्या बोलण्यात रिजेक्ट आणि डिनाय हे दोन शब्द एकाच अर्थाने येतात, आणि त्यातून नसती घबराट होते. डिनाय म्हणजे अधिकाऱ्याने अर्ज तपासून नाकारला. फी गेली, नोंद राहिली. रिजेक्ट म्हणजे अर्ज घेतलाच नाही. चेक न वटवता कागदांसकट परत. त्यावर अपील नाही, पण डागही नाही. दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा.

डाग नसला तरी दिवस जातात, आणि ते भरून मिळत नाहीत. अर्जाची तारीख म्हणजे तो केंद्रात पोचला तो दिवस, तोही अर्ज स्वीकारला गेला तरच. परत आलेल्या अर्जाला आधीची तारीख राखून मिळत नाही. टपालाचा शिक्का इथे कामाला येत नाही. त्या एप्रिलमध्ये शिक्क्यावरून एवढंच ठरत होतं की कुठल्या दराने फी आणि कुठली आवृत्ती ग्राह्य. मुदतीच्या हिशेबाला तेव्हाही पोचण्याचाच दिवस धरत होते.

म्हणजे दादांच्या हातातलं हिरवं कार्ड खरं होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. पाकीट इमारतीत गेलं का? गेलं. अर्ज दाखल झाला का? त्यावर कार्ड काही बोलत नाही. या दोन प्रश्नांमधले दोन-चार आठवडे म्हणजे कागदी अर्जाचा आंधळा काळ. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसतं, आणि पुढे काहीच नाही.

त्या काळात बघण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक, चेक वटला का. चेक वटला की अर्ज घेतला गेला, आणि बँकेच्या साइटवर चेकच्या मागच्या बाजूचं चित्र उघडलं तर पावतीचा क्रमांक बहुधा तिथेच छापलेला सापडायचा. इथल्या लोकांची ही जुनी युक्ती. दुसरी, जी-११४५ नावाचा एक पानाचा फुकट फॉर्म. अर्जावर वरच तो लावला तर अर्ज स्वीकारल्यावर फोनवर मेसेज येतो. दादांनी तो लावला नव्हता. पोचपावती मागवलीच आहे, मग हे कशाला, असा त्यांचा विचार. चेक वटत नव्हता, त्याचा अर्थ त्यांनी लावला तो असा: "सरकारी काम आहे, जमा करायला वेळ लागणारच."

१६ मेला दुपारी जाड पाकीट आलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. आत आपलेच सगळे कागद, न वटलेला चेक आणि वर आय-७९७सी नावाची नोटीस.

वहिनींचा पहिला संशय स्वतःच्या सहीवर. त्या मराठीत सही करतात. सांगलीच्या शाळेत शिकल्या तशी, आडनावाच्या शेवटी एक रेघ ओढून. इंग्रजीत सही करून पाठवायला हवी होती, माझ्यामुळेच परत आलं, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. म्हणून हे मुद्दाम लिहिते: सही इंग्रजीतच हवी असं नाही, ती वाचता यायलाच हवी असंही नाही. आपण नेहमी करतो तशी, हाताने केलेली हवी. संगणकावर टाइप केलेलं नाव मात्र कागदी अर्जावर सही म्हणून चालत नाही. वहिनींची देवनागरी सही बिनधोक होती. नोटिशीत कारण लिहिलं होतं ते पानांच्या आवृत्तीचं.

मग काय केलं

१७ मेच्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर कॅलेंडर, परत आलेले अर्ज आणि कांदेपोहे. साडेसात महिन्यांतले आता सात महिन्यांहून कमी उरले होते. तेच पाच महिने धरले तरी हातात दीड-पावणेदोन महिने शिल्लक. पण उरलेल्या निम्म्यांना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि दादांना जास्त लागेल याचं एक ठोस कारण होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये दादांचे वडील अत्यवस्थ झाले. दादा १२ फेब्रुवारीला एकटे सांगलीला गेले. वडील मार्चमध्ये गेले, आणि दिवसकार्य उरकेपर्यंत आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. परत यायला ५ सप्टेंबर उजाडला. मधे २०६ दिवस. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इथलं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. वर्षाच्या आतली गैरहजेरी असेल तर पुराव्याने ते गृहीतक खोडता येतं. दादांकडे पुरावा भक्कम होता: बायको-मुलं इथेच, घरभाडं चालू, नोकरी राखून ठेवल्याचं मालकाचं पत्र, रद्द झालेल्या तिकिटांचे ईमेल, त्या वर्षाचं रहिवासी म्हणून भरलेलं कर विवरणपत्र. पण पुरावा तपासायलाही वेळ लागतो. या मुद्द्यासाठी मी त्यांना वकिलाकडे पाठवलं. आमच्या टेबलाचं ते काम नव्हे.

वहिनींचा प्रवास कोरा. पाच वर्षांत एकदा, तीन आठवडे, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला.

हे असं समोर मांडल्यावर उत्तर दिसत होतं, फक्त ते बोलायचं कुणी हा प्रश्न होता. मुलीसाठी दोघांपैकी एकाची शपथ पुरे होती. दादा घरातले कर्ते, सगळे कागद त्यांच्या नावाने, म्हणून मनात सगळ्यांनी त्यांचाच अर्ज मुख्य धरला होता. शेवटी मुलगीच म्हणाली, "मग आईचाच आधी पाठवा ना." वहिनींचा अर्ज ऑनलाइन भरायचा, ७१० डॉलर पूर्ण मोजून. दादांचा सवलतीत, कागदावर, टपालाने. दोन्ही सवलतीत गेले असते त्यापेक्षा ३३० डॉलर जास्त. हे ३३० डॉलर म्हणजे आंधळा काळ टाळण्याची किंमत.

१८ मेला, शनिवारी रात्री, वहिनींचा अर्ज भरून झाला. फी भरल्यावर पावतीचा क्रमांक लगेच पडद्यावर आला. दादा त्या क्रमांकाकडे बराच वेळ बघत बसले होते.

अर्ज नव्याने भरताना एक गोष्ट सापडली जी पहिल्या वेळी आम्हा सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. वहिनींनी माहेरचं आडनाव लिहिलं होतं, पण लग्नात तांदळात लिहून बदललेलं पहिलं नाव लिहिलं नव्हतं. "ते नाव आता कोण वापरतं?" पण दहावीच्या दाखल्यावर तेच होतं. माहेरचं नाव, माहेरचं मधलं नाव, माहेरचं आडनाव, असं पूर्ण नाव या वेळी घातलं. मराठी बायकांच्या बाबतीत पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तिन्ही नावं बदललेली असू शकतात, हे इथल्या रकान्यांना माहीत नसतं. आपणच ते सांगायला हवं.

वहिनींच्या मनात आणखी एक होतं. या निमित्ताने मधलं नाव काढून टाकायचं. अर्जातच नावबदल मागता येतो. पण मग शपथ न्यायाधीशासमोरच घ्यावी लागते, आणि न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी लागते. ९ डिसेंबर डोक्यावर असताना तो विचार सोडून दिला.

दादांचं दुसरं पाकीट २१ मेला, मंगळवारी गेलं. चौदा पानं, सगळी एकाच दिवशी छापलेली, प्रत्येकाचा डावा कोपरा वहिनींनी बोट ठेवून तपासलेला. वर जी-११४५. मागे २०६ दिवसांचा पुरावा, तारखेच्या क्रमाने. या वेळी कुरिअरने. इथे अनेकजण चुकतात म्हणून सांगते: पोस्टासाठी पी.ओ. बॉक्सचा पत्ता असतो आणि कुरिअरसाठी रस्त्याचा, दोन्ही वेगळे. पी.ओ. बॉक्सवर खासगी कुरिअर पाकीट पोचवू शकत नाही. हे पत्ते बदलतातही, म्हणून मित्राने गेल्या वर्षी वापरलेला पत्ता उचलू नये. ज्या दिवशी पाकीट जाणार त्या दिवशी बघावा.

दुसऱ्या दिवशी पाकीट पोचलं. दादांनी फोन केला नाही. ३ जूनला मेसेज आला तेव्हा केला.

निकाल

वहिनींची मुलाखत सप्टेंबरच्या शेवटी झाली. इंग्रजीची त्यांना धास्ती होती, पण शाळेतल्या मुलांशी रोज बोलून जीभ वळलेली. नागरिकशास्त्राचे तेव्हा शंभर प्रश्नांतले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. त्यांचे पहिले सहाच्या सहा बरोबर आले आणि तिथेच प्रश्न थांबले. शपथ झाली २५ ऑक्टोबर २०२४ ला. त्या क्षणी मुलगी सतरा वर्षं दहा महिन्यांची होती, मुलगा त्याहून लहान. दोघंही अर्ज न करता नागरिक झाले. त्या दिवशी दोघं शाळेत होते.

दादांची मुलाखत नोव्हेंबरात झाली. अपेक्षेप्रमाणे २०६ दिवसांवर प्रश्न आले आणि आणखी कागद मागितले. ते दिले. शपथ झाली जानेवारी २०२५ च्या अखेरीस, मुलीच्या वाढदिवसानंतर सात आठवड्यांनी. पहिलं पाकीट परत आलं नसतं तर दादांचा अर्ज वेळेत निघाला असता का? चार आठवडे लवकर धरले तरी तारीख ९ डिसेंबरच्या पलीकडेच जाते. म्हणजे मुलीची तारीख दादांच्या अर्जावर कधीच सांभाळली जाणार नव्हती. आणि वहिनींचा कागदी अर्ज पहिल्या वेळीच नीट गेला असता तर ३८० डॉलरमध्येही काम झालं असतं. टपालाच्या गोंधळामुळे एक झालं: कुणाचा अर्ज मुख्य, याचा विचार नव्याने करावा लागला. तो आम्ही मार्चमध्येच करायला हवा होता.

मुलीच्या नागरिकत्वाचा कागद कुठला, हा प्रश्न मग आला. एन-६०० भरून स्वतंत्र प्रमाणपत्र मिळतं, पण त्याची कागदी फी १,३८५ डॉलर. त्याऐवजी थेट पासपोर्ट काढला, १६५ डॉलर. त्यासाठी तिचं ग्रीन कार्ड, सांगलीचा जन्मदाखला भाषांतरासह, आणि आईचं नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र द्यावं लागलं. मूळ. झेरॉक्स नाही. वहिनींच्या हातात ते प्रमाणपत्र येऊन दोन आठवडे झाले होते आणि ते पुन्हा टपालात गेलं. पासपोर्ट आधी आला, प्रमाणपत्र वेगळ्या पाकिटातून नंतर. मधल्या दिवसांत वहिनी रोज दुपारी पत्रपेटी उघडून बघत.

आता भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचे अर्ज चालू आहेत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, मुलांचंही, त्यामुळे चार पासपोर्ट, चार अर्ज, पुन्हा झेरॉक्स. गेल्या रविवारी दादा टेबलाशी आले होते. सगळे फॉर्म त्याच सकाळी छापलेले होते, आणि सोबत वहिनींनी केलेली यादी. वाचनालयाच्या टेबलावर आता आम्हीही एक पाटी ठेवली आहे: "आधी पानाचा डावा कोपरा दाखवा." ती दादांनी लिहून दिली.